विणलेल्या झबल्याची मुशाफिरी

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून काही गंभीर प्रकृतीची माणसे नाक मुरडतील, असे मला थोडे भय आहे. विषय आहे एका खेळाचा. घरी विणलेल्या स्वेटराचे, क्रोशाच्या टोपीचे किंवा हाताने शिवलेल्या दुपट्याचे छायाचित्र घ्यावयाचे. त्यातले वस्त्र तेवढे अलगद कातरून काढावयाचे आणि दुसऱ्याच एखाद्या छायाचित्रात नेऊन बसवावयाचे. मग ते झबले कधी किल्ल्याच्या बुरुजावर वाऱ्याला बसते, कधी चंद्राच्या कोरीला लटकते, तर कधी आगगाडीच्या खिडकीतून बाही बाहेर काढून स्टेशनवरच्या लोकांना निरोप देते. पूर्वी या कामाला कात्री, डिंक, कुंचला आणि काळोखी खोली लागत असे. आता एक मोबाईल पुरतो.

एवढ्याने काय साधते, असे कोणी विचारील. आमच्या शाळेत मुलींचा हस्तकलेचा तास असतो. त्या तासाला विणलेल्या वस्तूंची पूर्वीची गती अशी की, गुण मिळाले की त्या पिशवीत जात, पिशवी कपाटात जाई आणि कपाट उन्हाळ्यात डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून राही. हा खेळ सुरू झाल्यापासून मात्र मुली आपल्या विणीकडे दोनदा पाहू लागल्या. छायाचित्रात कडा वेडीवाकडी दिसते म्हणून एकीने अख्खी बाही उसवून पुन्हा विणली. वीस वर्षे सांगून जे मला साधले नव्हते, ते एका चित्राने केले.

हा खेळ अगदी नवा आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. तो खरा नाही. छायाचित्रकला जन्मास येऊन पुरती वीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हापासून तिचे उपासक एका चित्रातले दुसऱ्यात नेत आले आहेत. त्या काळच्या काचांवरचे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर भुले. त्यामुळे समुद्र नीट उमटवावा तर आकाश पांढरे फटक पडे आणि आकाश साधावे तर समुद्र काळाठिक्कर. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची काच एक आणि ढगांची दुसरी. दोन्ही एकाच कागदावर छापावयाच्या. त्याच्या समुद्रावर जे सुंदर ढग दिसतात, ते पुष्कळदा निराळ्या वेळचे, निराळ्या ठिकाणचे, म्हणजे एका अर्थी उसने आणलेले असत. पुढे १८५७ साली ऑस्कर रेजलँडर याने तीसहून अधिक काचा जुळवून एक भले मोठे चित्र सिद्ध केले. दुसऱ्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच काचांतून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र जोडले. ते पाहून लोक चिडले, कारण एवढ्या दुःखाच्या प्रसंगी कोणी यंत्र लावून उभा राहिला होता, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात तो प्रसंग कधी घडलाच नव्हता. चित्र खरे मानून रागवावे की खोटे आहे म्हणून रागवावे, हा घोळ तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे तर या बाबतीत कोणाला फारसा संकोच कधी वाटलाच नाही. जुन्या मराठी घरांतील भिंतीवरची छायाचित्रे आठवून पाहा. आजोबा कोपरगावचे असोत की कोल्हापूरचे, त्यांच्या पाठीमागे संगमरवरी खांब, अर्धवट वर गेलेला जिना आणि कोठलेसे तळे हटकून असावयाचे. तो सारा पडदा रंगविलेला. आजीबाईंच्या शालूचा काठ मागाहून कुंचल्याने रंगवीत, आणि त्यासाठी रंगारी घरच्या माणसांना विचारून घेई की, शालू अंजिरी होता की डाळिंबी. नाथद्वाऱ्याचे चित्रकार याच्याही पुढे गेले. श्रीनाथजींच्या पूजेचे चित्र ते हाताने रंगवीत आणि त्यात यात्रेकरू कुटुंबाचे चेहरे मात्र छायाचित्रातून कापून चिकटवीत. देह कुंचल्याचा, मुख यंत्राचे. त्या कुटुंबास त्यात काही खोटे वाटत नसे. देवापुढे उभे राहिल्याचा आनंद खरा होता आणि चित्र त्या आनंदाचे होते.

दादासाहेब फाळके यांचे नाव येथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते गोध्र्याला छायाचित्रांचा व्यवसाय करीत होते. चित्रकला, छपाई, जादूचे प्रयोग हे सारे त्यांच्या हातात मुरलेले होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला तेव्हा पडद्यामागचे कितीतरी काम सरस्वतीबाईंनी उचलले होते. स्वयंपाकापासून पात्रांचे कपडे धुण्यापर्यंत. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. त्या चित्रपटाच्या आरंभी दादासाहेब प्रेक्षकांना आधी साधी मंदाकिनी दाखवितात, तिच्या मुद्रेवरचे भाव दाखवितात, आणि मग त्याच मुलीवर पाहता पाहता कृष्णाचा वेष उतरतो. ही माझी मुलगी, हा तिचा पोशाख आणि आता पाहा मौज, असे जणू ते आधीच सांगून टाकतात. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. तो का, हे पुढे येईलच.

आता ग्वाल्हेरकडे वळू. या खेळाला असे गाव दुसरे मिळणे कठीण. एक तर येथली थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके असे उतरते की समोरचा किल्ला दिसेनासा होतो. त्यामुळे लोकर हा येथे हौसेचा विषय नाही, गरजेचा आहे. आमच्या वसईकडे एक पातळ स्वेटर चार हिवाळे पुरतो आणि पाचव्या वर्षी धाकट्या भावंडाला जातो. येथे तो नोव्हेंबरात अंगावर चढतो तो होळीपर्यंत उतरत नाही. दुसरे म्हणजे, कापड या शहराच्या रक्तातच आहे. बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल १९२१ साली येथे उभी राहिली आणि १९९०च्या दशकात बंद पडली. ग्वालियर सूटिंगच्या जाहिरातीत मन्सूर अली खान पतौडी आणि शर्मिला टागोर एके काळी साऱ्या देशाने पाहिले. त्या चित्रांतही कापड थोडे आणि राजेशाही थाट फार, असाच प्रकार होता. आणि चंदेरीचे माग कित्येक पिढ्या शिंद्यांच्याच राज्यात चालत होते.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची. तिला येथे तोटा नाही. किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराचा महाल आहे. त्याचे राज्य १४८६ ते १५१६ असे तीस वर्षांचे. त्या महालाच्या भिंतींवर निळ्या चकचकीत फरशांच्या पट्ट्या आहेत आणि त्यांवरून पिवळी बदके एकामागून एक ओळीने चालली आहेत. पाचशे वर्षे झाली, अजून ती कोठे पोहोचलेली नाहीत. शेजारी हत्ती आहेत, केळी आहेत. एवढ्या कडक किल्ल्याच्या भिंतीवर बदके काढण्याची बुद्धी ज्याला झाली, तो माणूस आमच्या खेळात पहिल्या दिवशीच सामील झाला असता. खाली शहरात जयविलास राजवाडा आहे. तो जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली सर मायकेल फिलोज यांच्याकडून बांधविला. तेथली मोठाली झुंबरे साडेतीन-साडेतीन टनांची आहेत आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढविले होते, असे सांगतात. जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. सुकामेवा, सिगार आणि मद्य घेऊन ती पाहुण्यांपुढून जात असे. आमच्या मुलींनी तिच्यात सर्वांत आधी काय बसविले असेल? बाळाचे मोजे. एका डब्यात डावा, दुसऱ्यात उजवा.

मी ग्वाल्हेरला प्रथम आले तेव्हा मेळ्यात छायाचित्रांच्या राहुट्या अजून होत्या. हा मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला. त्या राहुट्यांत पुठ्ठ्याची मोटार असे, विमान असे, मागे रंगविलेला ताजमहाल असे. खेड्यातून आलेले नवे जोडपे त्या विमानात बसे. नवऱ्याच्या गळ्यात बायकोने विणलेला मफलर असे आणि छायाचित्रकाराने तो नीट करावयास हात पुढे केला की ती स्वतःच पुढे होऊन तो सारखा करी. विमान पुठ्ठ्याचे आहे हे त्या दोघांना ठाऊक असे. मफलर खरा होता.

काम कसे करावयाचे, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना ते फार सोपे वाटते किंवा फार अवघड. वस्त्र साध्या, विरोधी रंगाच्या चादरीवर सपाट पसरावे. नुसत्या सुलट विणीची कडा आत वळते; ती टाचणीने ताणून धरावी. मोबाईलचा झगझगीत दिवा लावू नये. तो समोरून पडतो आणि टाक्याटाक्यांमधली बारीक सावली पुसून टाकतो. मग वेणीची वीण असो की साधी, सारे सारखेच सपाट दिसते. खिडकीजवळ बाजूने येणारा उजेड घेतला की एकेक टाका उठून दिसतो. लोकरीचा गडद लाल रंग मोबाईलला झेपत नाही, तो एकच डाग होऊन बसतो. काळ्याचीही तीच तऱ्हा. म्हणून बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याचे चित्र घेताना उजेड जरा जास्त लागतो. हलव्याचे दागिने मात्र त्यावर फार छान दिसतात.

कातरताना एक चूक सर्वांकडून होते. लोकरीला लव असते. कडा अगदी स्वच्छ कापली तर स्वेटर पत्र्याचा वाटू लागतो. तेव्हा थोडी लव राहू द्यावी. त्यानंतर सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे सावली. किल्ल्याचे चित्र सकाळचे असेल आणि उजेड डावीकडून येत असेल, तर झबल्यावरचा उजेडही डावीकडूनच हवा आणि त्याची सावली उजवीकडे पडली पाहिजे. सावली नसलेले वस्त्र हवेत तरंगते. पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण मन ते मान्य करीत नाही. आठवीच्या वर्गाला प्रकाशाचा धडा शिकविताना मी आता मेणबत्ती आणि पुठ्ठा घेत नाही. त्या बदकांचे चित्रच घेते.

आता जी हकीकत सांगणार आहे, तिच्यामुळे मी या खेळाचा विचार अधिक काळजीपूर्वक करू लागले. आमच्या शेजारी लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात एक काकू राहतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे छावणी टाकली, तिचेच पुढे लष्कर झाले. आणि त्या छावणीबरोबर जी घराणी आली, त्यांतले काकूंचे एक. मराठी बोलताना त्या मधूनच हिंदीत शिरतात आणि आपण शिरलो आहोत हे त्यांना कळतही नाही. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा ह्यूस्टनला, नातू तेथलाच जन्मलेला, सात वर्षांचा. काकूंनी त्याच्यासाठी दोन महिने खपून एक स्वेटर विणला. विणून झाल्यावर मला म्हणाल्या, “बाई, हा घालणार कुठं हो तो? तिकडे म्हणे थंडीच पडत नाही. दोन दिवस पडते नि संपते.”

आमच्या दोघी मुली तेथे आल्या होत्या. त्यांनी स्वेटराचे छायाचित्र घेतले आणि चार दिवसांत एक चित्रमालिकाच तयार करून आणली. पहिल्या चित्रात स्वेटर किल्ल्यावरच्या पिवळ्या बदकांच्या मागे, जणू ओळीतला शेवटचा गडी. दुसऱ्यात चांदीच्या आगगाडीत. तिसऱ्यात मेळ्यातल्या आकाशपाळण्याच्या अगदी वरच्या पाळण्यात, बाह्या वर करून. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण मग त्यांनी चष्मा पुसला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हा माझा स्वेटर नाही,” त्या म्हणाल्या.

मुली गोंधळल्या. स्वेटर तोच होता. पण त्यांनी एक शहाणपण केले होते. छातीच्या डाव्या बाजूस एक ओळ चुकलेली होती. सुलट टाक्यांच्या जागी चार टाके उलट पडले होते. मुलींनी आजीचे काम अधिक सुबक दिसावे म्हणून शेजारचा तुकडा उचलून त्या चार टाक्यांवर बसविला होता. कोणाच्या लक्षातही आले नसते.

काकू म्हणाल्या, “अगं, त्या रात्री बत्ती गेली होती. मी अंधारात बोटांनी चाचपत विणत होते. सकाळी दिसलं मला ते. उसवणार होते, पण म्हटलं राहू दे. ते माझे टाके आहेत. तुम्ही त्याला किल्ल्यावर न्या, चंद्रावर न्या. पण माझे टाके नका गं पुसू.”

मुलींनी ते चार टाके परत आणले. मुलाला चित्रे पाठविली, मागाहून टपालाने स्वेटरही गेला. आठ दिवसांनी ह्यूस्टनहून एक चित्र आले. नातवाने तो स्वेटर अंतराळवीराच्या पोशाखावर चढविला होता. त्याच्या गावी अंतराळ संशोधनाचे मोठे केंद्र आहे, तेव्हा त्याची मजल तेथेच जाणार. चित्राखाली त्याने बापाच्या मदतीने मराठीत तीन प्रश्न लिहिले होते. त्यातला एक असा की, ही बदके कोठे चालली आहेत. दुसरा असा की, स्वेटरावर इथे उलटे काय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे अक्षर लागले नाही. ज्या मुलाने आजीशी दूरध्वनीवर ‘हाय’च्या पुढे कधी मजल मारली नव्हती, त्याला काळोखात विणलेल्या त्या चार टाक्यांची गोष्ट सांगावयास काकूंना पाऊण तास लागला. अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत.

श्रोतेहो, माझ्या मते या खेळातली मर्यादा काकूंनी त्या दिवशी आखून दिली. जागा कल्पनेची असावी, वस्त्र मात्र खरे असावे. हा भेद नाजूक वाटतो, पण त्यावाचून पुढचा सारा व्यवहार बिघडतो. बिघडत चाललाच आहे. हाताने विणलेल्या वस्तू आता पुष्कळ बायका मोबाईलवरून विकतात. गिऱ्हाईक वस्तूला हात लावू शकत नाही. त्याच्याजवळ असते ते फक्त चित्र. चंदेरीचेच घ्या. २००५ साली चंदेरीच्या कापडाला भौगोलिक ओळखीची नोंदणी मिळाली, म्हणजे त्या नावाचा अधिकार त्या गावच्या विणकरांना मिळाला. तरीही यंत्रमागावरचे कापड चंदेरी म्हणून विकले जाते. चित्रात ते ओळखता येत नाही. उलट यंत्राचे कापड कधी अधिक नीटनेटके दिसते. मागच्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याने आमच्या एका मुलीच्या आईला विचारले की, तुमच्या त्या बदकांच्या चित्रातला स्वेटर काढून आमचा बसवून द्याल का, पैसे देतो. त्याचा माल यंत्रावरचा होता आणि चित्राखाली ‘हातविणीचा’ असे लिहावयाचे होते. बाईंनी नकार दिला. त्यांना पैशांची गरज नव्हती असे मुळीच नाही.

गेल्या काही वर्षांत तर याहून पुढची मजल गाठली गेली आहे. यंत्राला चार शब्द सांगितले की ते कधीही न विणलेल्या स्वेटराचे चित्र काढून देते. विणकाम जाणणारी बाई ते पाहताच ओळखते, कारण त्यातला धागा कोठून येतो आणि कोठे जातो याचा पत्ता नसतो. टाका टाक्यात अडकलेलाच नसतो. पण नवशिकी मुलगी असल्या चित्राला भुलते, त्याचा नमुना पैसे देऊन विकत घेते आणि आठवडाभर सुया घेऊन रडते. तिला वाटते, आपल्यालाच जमत नाही. ग्राहक संरक्षणाच्या २०१९च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंड आहे. परंतु चाळीस रुपयांच्या नमुन्यासाठी कोण दाद मागावयास जातो?

फसवणूक आणि मौज यांतले अंतर मोजण्यास मला दोन जुनी उदाहरणे फार उपयोगी वाटतात. १९१७ साली इंग्लंडात कॉटिंग्ले नावाच्या खेड्यात सोळा वर्षांची एल्सी आणि तिची धाकटी मावस बहीण फ्रान्सिस यांनी ओढ्याकाठी पऱ्यांची छायाचित्रे काढली. पऱ्या एका पुस्तकातल्या चित्रांवरून काढलेल्या, पुठ्ठ्यातून कापलेल्या आणि टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केलेल्या होत्या. त्यांचे केस आणि झगे अगदी त्या वेळच्या फॅशनचे. दोघींना घरच्या माणसांची थोडी गंमत करावयाची होती. पण शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी ती चित्रे खरी मानून १९२० साली मासिकात छापली आणि मग एवढ्या मोठ्या माणसाला खोटे कसे पाडावे या विचाराने त्या दोघी गप्प बसल्या. कबुली दिली ती १९८३ साली, म्हाताऱ्या झाल्यावर. दुसरे उदाहरण ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे. फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर पिरॅमिड नीट मावावेत म्हणून त्यांनी ते एकमेकांच्या जवळ सरकविले. कॉटिंग्लेच्या पोरींवर मला राग येत नाही. त्या मासिकावर येतो. कारण वाचक त्यांच्याकडे पिरॅमिड कोठे आहेत हे पाहावयास गेला होता. फोटोशॉप निघाले ते १९९० साली, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी. तेव्हा दोष हत्याराला देण्यात अर्थ नाही.

उलट, काही खोटेपणा आवश्यकही असतो. अलीकडे नवजात बालकांची जी छायाचित्रे काढतात, त्यात विणलेली कुंची घातलेले बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकून बसलेले दिसते. आठ-दहा दिवसांच्या बाळाला तसे बसता येत नाही आणि बसवूही नये. जाणता छायाचित्रकार दोन चित्रे घेतो. एकात आईचा हात डोके सावरीत असतो, दुसऱ्यात मनगटे. मग दोन्ही जोडून हात पुसून टाकतो. येथे आईचा हात पुसला जातो तो बाळ सुरक्षित राहावे म्हणून. त्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र नव्या आईबापांना हे कोणी तरी सांगितले पाहिजे, नाही तर ती घरी तसा प्रयत्न करू पाहतील.

देवाधर्माचा प्रश्नही एकदा आमच्या वर्गात निघाला. थंडीच्या दिवसांत पंढरपूरच्या विठ्ठलाला कानपट्टी बांधतात, शाल पांघरवितात. प्राग शहरातल्या बाल येशूच्या लहानशा मूर्तीपाशी शेकडो पोशाख आहेत, त्यांतला हिरव्या मखमलीचा एक झगा सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने १७४३ साली अर्पण केलेला. हे सांगत असता एक मुलगी उत्साहाने म्हणाली, “टीचर, मग किल्ल्याच्या कड्यातल्या त्या मोठ्या मूर्तींना आपण मफलर घालू या!” त्या पंधराव्या शतकातल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती. वर्गातली एक जैन मुलगी हळूच म्हणाली, “त्यांनी वस्त्र सोडलं आहे ना.” बस्स, एवढेच. कोणी वाद घातला नाही. विठोबाला शाल देणे ही माया आहे, आणि तीर्थंकरांच्या चित्राला मफलर चढविणे म्हणजे त्यांच्या त्यागाची थट्टा झाली असती. तेरा वर्षांच्या मुलींना हा फरक व्याख्यानाशिवाय कळला.

नाताळात आमच्याकडे गोठा मांडतात. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरे गाढव आणून पहिला गोठा मांडला, म्हणजे बेथलेहेम उचलून इटलीच्या डोंगरात आणले. वसईच्या गावांतून गोठ्यात केळी असतात, विहीर असते. मला यात कधी विपरीत वाटले नाही. बाळंत्यात गुंडाळलेले बालक तेच. जागा ज्याच्या त्याच्या गावची. गेल्या डिसेंबरात मुलींनी गोठ्यामागे किल्ल्याचे चित्र लावले आणि गव्हाणीत काकूंनी विणलेले दुपटे अंथरले. त्याचीही एक कडा वाकडी आहे. कोणी ती सरळ केली नाही.

सध्या वर्गात वाद चालला आहे तो शून्याविषयी. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ सालच्या लेखात शून्य कोरलेले आहे. बागेची लांबी २७० हात आणि देवाला रोज ५० माळा, अशा हिशेबात ते येते. क्रोशाची टोपी विणताना आरंभी जे वाटोळे कडे करतात, ते अगदी त्या शून्याएवढे होते, असा एकीचा शोध. तिला टोपीचे ते पहिले कडे शिलालेखातल्या शून्यावर नेमके बसवावयाचे आहे, बाकीचे अंक उघडे ठेवून. दुसरी म्हणते, मंदिरात आत उजेड कमी, टोपी अंगणात टिपलेली, सावली जुळणार नाही. दोघींचे म्हणणे बरोबर आहे. शनिवारी त्या टोपी घेऊन किल्ल्यावर जाणार आहेत आणि जे छायाचित्र घ्यावयाचे ते मंदिराच्या दारातल्याच उजेडात घेणार आहेत. काकूंनी त्यांना सांगून ठेवले आहे की, टोपी वाऱ्याने उडेल, आतून एक दगड ठेवा.